दोन हजारांची पावती

व्यवहार म्हणाल तर तो केव्हाच पुरा झाला आहे. घर तपासल्याची फी दोन हजार रुपये. ती मी रोख दिली आणि रावसाहेबांनी बाजारातल्या साध्या पावतीपुस्तकातलं पान फाडून माझ्या हातात ठेवलं. निळी शाई, तिरकं अक्षर, 'घराची पाहणी व अहवाल' असा तपशील, खाली लफ्फेदार सही. बँकेत मी एकतीस वर्षं काढली. ज्या खात्याची बाकी शून्य, ते बंद करायचं असतं, एवढं मला कळतं. रावसाहेब गेल्या वर्षी गेले. तरी ही पावती मी काही फाडलेली नाही.

सांगलीचं घर नानांनी, म्हणजे माझ्या शाळामास्तर वडिलांनी, 1971-72 मध्ये बांधलं. गावभागाच्या कडेला. तिथून कृष्णा दिसत नाही, पण पावसाळ्यात ती स्वतःच भेटायला येते. 2005 मध्ये पाणी ओट्याच्या वरच्या पायरीला शिवून मागं फिरलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये मात्र आयर्विन पुलाजवळची पातळी 57 फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी 45 फूट) आणि आमच्या स्वयंपाकघरात कमरेएवढं पाणी चार-पाच दिवस उभं राहिलं. आईला आम्ही आधीच विश्रामबागेत मावशीकडे हलवलं होतं. पाणी ओसरल्यावर गाळ उपसला, भिंती धुतल्या, वाळल्याशा वाटल्या तेव्हा रंग काढला. 2021 च्या जुलैत पुन्हा अंगणात पाणी. त्या वर्षी आई माझ्याकडे पुण्यातच होती आणि दिवाळीनंतर गेली. मग कुलूपबंद घर उरलं. दर जुलैत माझ्या फोनवर आयर्विनचे फूट येत राहायचे: अडतीस, साडेएकोणचाळीस, चाळीस. ज्या घरात कुणी राहत नाही त्या घरासाठी रात्री दोन वाजता उठून फूट बघायचे, हे दोन पावसाळे केलं आणि विकायचं ठरवलं.

एजंटनं घरात एक चक्कर मारली, पाच मिनिटांत. "ताई, पुट्टी मारून घ्या, वर एक हात डिस्टेंपर. गिऱ्हाईक आधी भिंत बघतंय, मग कागद." त्याचं चुकत नव्हतं. आपल्याकडे घर विकण्याआधीची तयारी म्हणजे रंग. सातबारा, मालमत्ता पत्रक, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, हे सगळं वकिलाकडून तपासून घेतात. कागदांना डॉक्टर असतो, भिंतींना मेकअपवाला.

उलटं बोलला तो माझा धाकटा भाऊ. तो न्यू जर्सीत असतो. काही वर्षांपूर्वी त्यानं तिथलं घर विकलं तेव्हा गिऱ्हाईक यायच्या आधी स्वतःच्या खर्चानं तपासनीस बोलावला होता. तो माणूस तीन-चार तास घरभर फिरला. छपरावर चढला, माळ्यात शिरला. तळघरात रेडॉन वायू मोजायचा डबा ठेवून गेला. तिथं हा वायू जमिनीतून घरात येतो, आणि लिटरला 4 पिकोक्युरीपर्यंत भरला तर उपाय करा असं त्यांचं सरकार सांगतं. अंगणात घर तापवायच्या तेलाची जुनी टाकी पुरलेली नाही ना, तेही यंत्र फिरवून बघितलं. मग फोटोंसकट जाडजूड अहवाल. "गिऱ्हाइकाचा माणूस नंतर शोधणारच असतो," भाऊ म्हणाला, "मग सौदा ऐन वेळी मोडतो. त्यापेक्षा आपल्याच घराची पत्रिका आपणच काढायची. ताई, तू पण कुणाला तरी दाखव."

सांगलीत कुणाला दाखवायचं? तेव्हा रावसाहेब आठवले.

नाव वेगळं होतं, पण गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले आणि शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. ओव्हरसियरला मजूर-मुकादम रावसाहेब म्हणायचे, ते निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. वय ऐंशीच्या घरात, लूनावर फिरायचे, आणि नानांशी त्यांची ओळख वाचनालयातल्या वर्तमानपत्रावरून भांडण्यापुरती. म्हणजे आमचं देणंघेणं काहीच नव्हतं. मी फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रंग काढलायस का?" नाही म्हटल्यावर, "मग येतो."

फेब्रुवारीतला एक दिवस. सकाळी साडेसातला दारात हजर. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यातून एकेक वस्तू काढून त्यांनी ओट्यावर मांडली: ओळंबा, विजेरी, छोटी हातोडी, पाणसळीची पारदर्शक नळी, मोडक्या हॅक्सॉचं एक पातं, होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब आणि काचेची एक गोटी. गोटी बघून मला हसू आलं. "हसू नकोस," ते म्हणाले, "सगळ्यात खरं बोलणारा माणूस हाच." सोप्यातल्या शहाबादी फरशीवर त्यांनी गोटी ठेवली. ती जागची हलली नाही. माजघरात ठेवली, थोडी डुलली आणि थांबली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत ठेवली तेव्हा क्षणभर विचार केल्यासारखी थबकली आणि मागच्या भिंतीकडे निघाली. भिंतीला लागून टक् आवाज आला. रावसाहेबांनी काही न बोलता वहीत लिहिलं. वहीही खात्यातल्यासारखी, मोजमाप पुस्तिकेच्या धर्तीवर रकाने आखलेली. तिला ते 'एमबी'च म्हणायचे.

मग ते भिंती वाजवत गेले. बोटाच्या पेरानं ठोकायचं, हातभर सरकायचं, पुन्हा ठोकायचं. चांगलं प्लास्टर टणक बोलतं, सुटलेलं भद्द बोलतं. तासाभरानं मलाही फरक कळायला लागला आणि मी लहान मुलासारखी त्यांच्या मागं मागं ठोकत हिंडले. खाली कमरेपर्यंत सगळीकडे भद्द. रंगाच्या आत लोणा बसला होता. नखानं खरवडल्यावर मिठासारखी पांढरी भुकटी झडायची. "पूर भिंतीत शिरतो तो पाणी होऊन, बाहेर पडतो क्षार होऊन," ते म्हणाले. न्हाणीघराच्या स्लॅबचा खालचा थर एका कोपऱ्यात सुटला होता आणि दोन सळया दिसत होत्या. मला वाटलं काँक्रीट खराब. ते म्हणाले, नाही, आधी सळई गंजली. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो फुगतो आणि काँक्रीटला ढकलून देतो. त्यांनी हातोडीनं गंज पाडून आतली सळई चिमटीत धरून पाहिली. जाडी बरीच शाबूत होती. "हे दोन दिवसांचं काम. भिऊ नकोस." बल्बची एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला लावली. बल्ब काजव्यासारखा मिणमिणला. "पन्नास वर्षं शॉक बसला नाही, ही तुमची पुण्याई. अर्थिंग नाही."

चांगलंही त्यांनी तितकंच शोधलं, हे मला सांगायलाच हवं. सोप्यात आणि माजघरात खिडक्यांच्या वर ते हातोडीनं बारीक टिचक्या मारत आडवे सरकत गेले आणि एकदम थांबून म्हणाले, "अगं, मास्तरांनी पट्टा सलग टाकलाय!" दारा-खिडक्यांवर नुसते तुकड्या-तुकड्याचे लिंटेल न टाकता काँक्रीटचा एक पट्टा भिंतभर फिरवलेला होता. भूकंपात भिंती सुट्या होऊन पडू नयेत म्हणून असा कंबरपट्टा बांधतात. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा नाना-आई भाड्याच्या घरात होते. मांडणीवरची सगळी भांडी खाली आली होती आणि आई मला घेऊन रस्त्यावर उभी होती, हे मी शंभरदा ऐकलं होतं. पण त्या पहाटेची भीती नानांनी काँक्रीटमध्ये ओतून ठेवलेली आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्या घरात मी वाढले त्या घराबद्दल मला हे एक परका माणूस सांगत होता.

आणि तो पट्टा स्वयंपाकघराच्या दारापाशी संपत होता.

आम्ही परसात गेलो. मागच्या भिंतीवर त्यांनी वरून ओळंबा सोडला. दोरी सरळ उतरली आणि मध्यावर भिंतीचं पोट तिला टेकलं. बाहेरून विटांच्या सांध्यांना सिमेंटची दर्जाभराई होती, एके ठिकाणी ती गळून पडली होती. रावसाहेबांनी हॅक्सॉचं पातं त्या सांध्यात घातलं. आत जाताना त्याला काहीच अडलं नाही, लोण्यात जावं तसं ते चार बोटं आत गेलं. बाहेर ओढलं तेव्हा त्याच्याबरोबर तपकिरी माती भुरूभुरू सांडली, माझ्या चपलेवर. ती बघत ते उभे राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मातीत बांधलीय."

सिमेंटच्या चेहऱ्याची मातीची भिंत. आणि ती पाच दिवस पुराच्या पाण्यात उभी होती.

त्या दुपारी मी रावसाहेबांशी वाईट बोलले. एजंटकडे गिऱ्हाईक तयार होतं, माझी रजा संपत आली होती. मी म्हटलं, गवंडी लावून बाहेरून पुन्हा दर्जा भरून घेते, आतून प्लास्टर. ते म्हणाले, आधी तडा जिवंत आहे की मेलेला ते बघू. म्हणजे काय, तर सोप्यातल्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली एक चीर होती. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, त्या ओढाताणीत पडलेली, जुनी. ती मेलेली असेल. पण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली चीर अजून चालती असेल तर वरून काहीही लावून उपयोग नाही. त्यासाठी दोन-अडीच महिने थांब. मी तडकले. "काका, घर तुम्हाला विकायचं नाहीये, आम्हाला विकायचंय." त्यांनी पिशवीतून फोटोफ्रेमवाल्याकडून आणलेल्या काचेच्या कातरणी काढल्या. दोन्ही चिरांवर एकेक पट्टी आडवी धरून टोकांना सिमेंटचे गोळे लावले, काचेवर तारीख घातली आणि लूना सुरू करून निघून गेले. रागावलेच नाहीत, त्यामुळे मी जास्तच चिडले.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. एकूण तेवीस बाबी. सतरावी अशी: 'स्वयंपाकघर, मागील भिंत. मातीतील बांधकाम. मध्यभागी फुगवटा पावणेदोन इंच. विक्रीपूर्वी खरेदीदारास दाखवावे.' शेवटच्या शब्दाखाली रेघ. बाकी बाबींपुढे 'दुरुस्त करावे' होतं, इथं 'दाखवावे'. मी फोनवर विचारलं, ही काय भानगड? ते म्हणाले, "तू दुरुस्त केलीस तर ती प्लास्टरच्या आत जाणार. राहणाऱ्याला उघडी दिसू दे. मग त्याचं त्यानं ठरवावं." फी त्यांनी तेव्हाच सांगितली, आणि मी एवढं बोलूनही ते फी घेतायत याचं मला बरंच वाटलं. त्यांनीच कारण सांगितलं: "फुकटचा अहवाल तू फाडला असतास."

खरंच फाडला असता.

नानांची बांधकामाची खर्चवही ट्रंकेत होती. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. बाजारात जाऊन हवी तेवढी पोती आणली, असं नव्हतं. नियंत्रण थोडं सैल झालं 1982 मध्ये आणि पूर्ण उठलं 1989 मध्ये. वहीत प्रत्येक पोत्याचा हिशेब होता. जोतं, पट्टा, स्लॅब, न्हाणीघर. मग एक नोंद: 'सिमेंट पोती 10, समोरच्यांस उसनी.' त्याच्यापुढचा 'परत'चा रकाना रिकामा. आणि दोन पानांनंतर, स्वयंपाकघराच्या नावाखाली: 'पांढरी माती गाड्या 4.' वर स्लॅबऐवजी मंगलोरी कौलं. नाना शाळेत शिक्षक, घरात बोलण्यात काटेकोर, बसचं सुटं तिकीटसुद्धा जपून ठेवणारे. त्यांनी बाहेरून सिमेंटची रेघ मारून घेतली आणि पुढची अडतीस वर्षं त्या भिंतीला पाठ टेकून जेवले. आईला माहीत होतं का, आता कुणाला विचारणार? समोरची दहा पोती कुठल्या भिंतीत आहेत, तेही.

माझा एक मावसभाऊ वकिली करतो. त्याला सहज विचारलं, सांगितलंच नाही तर? तो म्हणाला, मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882, कलम 55. खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. घराचा दोष असो की हक्काचा. मला वाटत होतं ही न्यू जर्सीची फॅशन आहे. आपल्याकडे ते टिळकांच्या तरुणपणापासून लिहिलेलं आहे, वाचतं कोण!

एप्रिलच्या अखेरीस मी परत गेले. सोप्यातली काच जशीच्या तशी होती, फक्त तिच्यावर कोळ्यानं जाळं केलं होतं. स्वयंपाकघरातली मधोमध तुटली होती. स्वच्छ, एकाच रेघेत. तारखेचे दोन आकडे एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला. मी रावसाहेबांना फोन केला आणि फेब्रुवारीतल्या बोलण्याबद्दल काहीतरी म्हणायला लागले, तर ते म्हणाले, "ते राहू दे, तुटलेल्या दोन कडांत अंतर किती, ते मोज."

एजंटचं पहिलं गिऱ्हाईक तोवर गेलं होतं. दुसरं आलं ते एक तरुण जोडपं, मिरजेत नोकरीला, तीन वर्षांची मुलगी. ते घर बघायला येणार त्या सकाळी मला तोंड उघडता येईना. एखाद्याला आपल्या वडिलांनी बांधलेली भिंत खोटी आहे असं कसं सांगायचं? बोलावलं नव्हतं तरी रावसाहेब येऊन ओट्यावर बसले होते. त्यांनी त्या मुलाच्या हातात अहवाल दिला, त्याला परसात नेलं आणि पातं त्याच्याच हातात दिलं. "घाल." माती सांडली. मुलाचा चेहरा उतरला. मग रावसाहेबांनी त्याला सोप्यात आणून पट्टा वाजवून दाखवला, जोत्याची पाणसळ दाखवली, सागवानी चौकटीला वाळवीची माती कुठेच नाही ते विजेरीनं दाखवलं. मुलगी तोवर गोटी घेऊन फरशीवर खेळत बसली होती. निघताना त्या मुलाची बायको मला म्हणाली, "आम्ही नऊ घरं बघितली. वाईट काय आहे ते कुणीच सांगितलं नाही. त्यामुळे चांगलं सांगितलेलंही खरं वाटत नव्हतं." सौदा एजंटच्या आकड्यापेक्षा चार लाखांनी खाली झाला. भाऊ म्हणाला, होऊ दे. मी म्हणायला दोन दिवस घेतले.

कर्जासाठी बँकेनं पाठवलेला व्हॅल्युअर आला, टेपनं खोल्या मोजल्या, फोटो काढले, वीस मिनिटांत गेला. मागच्या भिंतीजवळ तो उभा राहिला होता, फोटोत पूर्ण घर यावं म्हणून. मी आयुष्यभर अशाच अहवालांवर सह्या करत आले, हे तेव्हा आठवलं.

घर पावसाळ्याआधी त्यांच्या नावावर झालं. दिवाळीनंतर त्या मुलाचा फोन आला: मागची भिंत उतरवतोय, यायचं तर या. मला जायचं नव्हतं, गेले. कौलं जाऊन पत्रे केव्हाच आले होते. ते उतरवून आढ्याला टेकू दिले होते. रावसाहेब खुर्ची टाकून परसात बसलेले. आता त्यांना दिसायला कमी यायला लागलं होतं, लूना नातवाकडे गेली होती. भिंत पाडायला घण लागलाच नाही. गवंडी वरच्या थरापासून एकेक वीट हातानं उचलत होता, खालचा गडी ती झटकून रचत होता. मातीचा नुसता धूर.

"बाई, इटा अख्ख्या निघाल्या की," गवंडी मला म्हणाला. "शंभरात दोन बी फुटल्या न्हाईत. सिमिटात असत्या तर निम्मा चुरा झाला असता."

रावसाहेबांनी एक वीट मागून घेतली. दुसऱ्या विटेवर आपटली. घंटेसारखा टणत्कार झाला. त्यांनी तिच्या कडेवरून अंगठा फिरवला, नखानं ओरखडा काढून पाहिला, निघाला नाही. "मास्तरांनी माल बाकी एक नंबर घेतलाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले आणि वीट मला दिली. अजून थोडी ओलसर होती, की माझाच हात ओला होता, कुणास ठाऊक.

त्या मुलानं विचारलं, "काका, मग नव्या भिंतीला ह्याच वापरू?"

"वापर की. पण आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेव," रावसाहेब म्हणाले. "कोरडी वीट सिमेंटचं पाणी पिऊन टाकते."